आरोहण नाकारतो कोण? : क्रूझच्या करारभाषेतील चाचणी, परतावा आणि कर्ता

समुद्रविहारासाठी काढलेल्या तिकिटाच्या मागे जो विस्तृत करार असतो, त्यात एक वाक्य कोणत्या ना कोणत्या स्वरूपात बहुधा आढळतेच : संसर्गजन्य रोगाची लक्षणे दिसल्यास, अथवा विहित चाचणीचा निष्कर्ष प्रतिकूल आल्यास, उतारूला आरोहण नाकारले जाईल. वाक्य लहान आहे आणि त्यात दुर्बोध असा एकही शब्द नाही. तथापि ते वाचून संपल्यावर एक साधा प्रश्न अनुत्तरित राहतो. तो म्हणजे, नाकारतो कोण? व्याकरणकार ज्यास नवीन कर्मणी म्हणतात त्या प्रयोगाची ही रचना होय. या प्रयोगात कर्त्यास 'कडून' हे शब्दयोगी जोडून वाक्यात आणता येते, पण आणलेच पाहिजे असे बंधन नसते. 'कंपनी उतारूला जहाजावर घेणार नाही' या कर्तरी वाक्यात कर्ता डोळ्यांसमोर उभा असतो. 'घेतले जाणार नाही' असे म्हणताच तो पडद्याआड जातो. आणि 'उतारूला जहाजावर चढता येणार नाही' अशी तिसरी रचना केली, तर असमर्थता कंपनीची न राहता उतारूच्या अंगी चिकटते. घटना एकच आहे. क्रियेचा भार मात्र तीन ठिकाणी पडतो.

हा भेद केवळ व्याकरणाच्या वर्गात उदाहरण म्हणून देण्याजोगा असता, तर त्याची इतकी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु प्रवासभाड्याचा परतावा मिळणार की नाही, आणि मिळाल्यास किती, हे बहुतेक कायदे व करार 'रद्द कोणी केले?' या एकाच प्रश्नावर ठरवितात. कंपनीने रद्द केले तर पैसे परत; उतारूने रद्द केले तर वजावट, आणि ही वजावट प्रस्थानाचा दिवस जवळ येईल तसतशी वाढत जाऊन अखेरच्या काही दिवसांत संपूर्ण भाड्याइतकी होते. आता ज्याच्या चाचणीचा निष्कर्ष धक्क्यावर प्रतिकूल आला, त्या मनुष्याने काय केले? त्याने प्रवास रद्द केला नाही. तो तर सामानसुमान घेऊन दाराशी उभा आहे. कंपनीनेही प्रवास रद्द केला नाही. जहाज ठरल्या वेळी सुटणार आहे. द्विकर्तृक व्यवस्थेत ज्याला जागा नाही असा हा तिसरा प्रकार होय.

या प्रकाराचे मूळ समजण्यासाठी जहाज आणि रोग यांच्या संबंधाची जुनी परिभाषा पाहणे उपयुक्त ठरते. या परिभाषेत आजारी असे ते जहाज, मनुष्य नव्हे. १३७७ साली अ‍ॅड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुझा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, येथील शासनाने रोगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबविण्याचा निर्बंध घातला; पुढे तिसाचे चाळीस झाले आणि व्हेनिसच्या बोलीतील 'चाळीस' या संख्येवरून 'क्वारंटीन' हा शब्द युरोपभर पसरला. जहाज ज्या बंदरातून निघे, तेथील अधिकारी त्याला आरोग्याचा दाखला देत. तो दाखला निर्मळ, संशयित अथवा दूषित असे, आणि ही विशेषणे निघण्याच्या बंदरातील रोगस्थितीनुसार लागत. एखादा उतारू ठणठणीत असला तरी त्याच्या जहाजाचा दाखला दूषित असे, व त्याला इतरांबरोबर थांबावे लागे. उलट निर्मळ दाखल्याच्या जहाजावरील तापकऱ्याला दाखल्याचा आडोसा मिळे.

याच परिवारातील दुसरा शब्द 'प्रॅटिक' हा होय. मुंबईच्या बंदरातील कामकाजाशी ज्यांचा संबंध येतो त्यांच्या तो कानावरचा आहे. भारतीय बंदर-आरोग्य नियमांत (१९५५) तो आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतही आहे. इटालियन भाषेत त्याचा अर्थ व्यवहार, संपर्क, येणे-जाणे असा आहे. प्रॅटिक मिळणे म्हणजे जहाजाला किनाऱ्याशी व्यवहार करण्याची मोकळीक मिळणे. मराठीत त्याला स्थिर प्रतिशब्द नाही. 'संपर्कमुक्ती' असा एखादा घडविता येईल, पण धक्क्यावर तो कोणी उच्चारील असे वाटत नाही. याच संदर्भातील पिवळ्या निशाणाचे अर्थांतर तर अर्थविज्ञानाच्या अभ्यासकाने मुद्दाम टिपून ठेवावे असे आहे. पूर्वी पिवळे निशाण रोगाची खूण समजले जाई. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीत तेच निशाण 'जहाज निरोगी आहे, प्रॅटिक द्यावे' असे सांगते. चिन्ह तेच राहून अर्थ पूर्णपणे उलटल्याचे इतके स्वच्छ उदाहरण शब्दांच्या इतिहासातही क्वचितच सापडेल.

२०२० सालच्या प्रारंभी ही जुनी परिभाषा एकाएकी अपुरी ठरली. फेब्रुवारीत 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज जपानमधील योकोहामा येथे रोखून धरण्यात आले, तेव्हा त्यावर ३,७११ माणसे होती. जहाजालाच आजारी मानण्याची जुनी रीत येथे अक्षरशः पाळली गेली. निरोगी आणि बाधित एकाच कवचात राहिले, आणि अखेर ७१२ जणांना कोविडची लागण झाल्याचे निष्पन्न झाले. या जहाजावर १३८ भारतीय होते. त्यांपैकी सहाजण उतारू व बाकीचे सर्व कर्मचारी. हे प्रमाण ध्यानात ठेवावे. त्याचा उल्लेख पुढे येणार आहे.

सिडनी येथील प्रकरण याहून अधिक बोधप्रद आहे, कारण तेथे संकट शब्दाच्या व्याख्येत दडलेले होते. 'रूबी प्रिन्सेस' हे जहाज १९ मार्च २०२० रोजी सिडनीस लागले. न्यू साउथ वेल्स राज्याच्या आरोग्य खात्याने त्याची गणना अल्प-जोखमीच्या जहाजांत केली होती. आजारी उतारूंच्या नमुन्यांचे निष्कर्ष येण्यापूर्वीच सुमारे २,६५० उतारू शहरात आणि तेथून देशोदेशी पांगले. या जहाजाशी निगडित असे २८ मृत्यू पुढे नोंदले गेले. चौकशीसाठी नेमलेल्या विशेष आयोगाने ऑगस्ट २०२० मध्ये जो अहवाल दिला, त्यातील एक निष्कर्ष असा की 'संशयित रुग्ण' या संज्ञेची व्याख्या १० मार्च रोजी बदलण्यात आली होती. क्रूझ जहाजांना हा बदल कळेल अशी व्यवस्था व्हावयास हवी होती, आणि ती झाली असती तर या जहाजावर असे रुग्ण आहेत हे ओळखता आले असते. म्हणजे खात्यात संज्ञेचा एक अर्थ आणि जहाजावर दुसरा, असा हा प्रकार होता. जहाजावरील नोंदवहीत खोकणारी माणसे होती; पण जुन्या व्याख्येच्या चाळणीतून ती 'संशयित' या वर्गात उतरत नव्हती. व्याख्या करणे हे कोशकाराचे निरुपद्रवी काम आहे, असा ज्यांचा समज असेल त्यांनी हा अहवाल अवश्य वाचावा.

यानंतरच्या काळात जहाजाच्या आरोग्यावरून दृष्टी उतारूच्या देहाकडे वळली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने १४ मार्च २०२० रोजी जहाजे सोडण्यास मनाई केली, आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला त्या मनाईच्या जागी सशर्त प्रवासाचा आदेश काढला. त्यात उतारूंची आरोहणाच्या व अवरोहणाच्या दिवशी चाचणी घेण्याची अट होती. लस आल्यावर अटी पालटत गेल्या. १५ जानेवारी २०२२ रोजी आदेशाची मुदत संपून त्याचे रूपांतर ऐच्छिक योजनेत झाले, आणि १८ जुलै २०२२ रोजी ती योजनाही बंद करण्यात आली. त्यानंतर चाचणीची अट ठेवणे वा न ठेवणे हे त्या त्या कंपनीवर आणि मार्गातील देशांच्या नियमांवर अवलंबून राहिले, व बहुतेक कंपन्यांनी ती हळूहळू काढून टाकली. भारतातही या काळाची आठवण आहे : जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्यास गेलेल्या एका क्रूझ जहाजावर चाचणीअंती ६६ जण बाधित आढळले होते.

'चाचणी' आणि 'तपासणी' हे दोन शब्द वृत्तपत्रांनी या काळात एकमेकांच्या जागी सर्रास वापरले. वस्तुतः त्यांत मोठा भेद आहे. जुन्या बंदरावरील वैद्य उतारूची तपासणी करी : जीभ पाही, नाडी पाही, काखेत गाठ आहे का ते चाचपी. मुंबईत १८९६ साली ग्रंथिक ज्वर उद्भवल्यावर धक्क्यावर व रेल्वेस्थानकांवर जी तपासणी चाले, ती याच जातीची होती. तीत रोग माणसाच्या अंगावर दिसावा लागे, आणि म्हणून तपासणाऱ्याचे व तपासल्या जाणाऱ्याचे मत एकच होण्याचा संभव असे. ज्याला ताप आहे त्याला तो जाणवतच असतो. चाचणीचे तसे नाही. आरटी-पीसीआर चाचणी नाकातील नमुन्यात विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा अंश आहे काय, एवढेच सांगते. बरा झालेला मनुष्यही कित्येक आठवडे तिच्या लेखी बाधित राहू शकतो; याच कारणास्तव बरे झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत लक्षणरहित माणसाची पुन्हा चाचणी करू नये असा सल्ला त्या काळात दिला जात असे, आणि अनेक ठिकाणी निष्कर्षाऐवजी बरे झाल्याचा वैद्यकीय दाखला चालत असे. उलट बाजूने, प्रस्थानापूर्वी दोन-तीन दिवस घेतलेल्या चाचणीत निर्दोष ठरलेला मनुष्य जहाजावर पाऊल ठेवीपर्यंत संसर्ग पसरविण्याजोगा झालेला असू शकतो. सारांश, चाचणीचा निष्कर्ष हे एका क्षणाविषयीचे विधान असते. करार मात्र ते एका व्यक्तीविषयीचे विधान म्हणून वाचतो. मराठी बोलीने तर पुढची पायरी गाठली : 'अहवाल पॉझिटिव्ह आला' याचे 'तो पॉझिटिव्ह आला' असे होऊन विशेषण नमुन्यावरून माणसावर सरकले. लक्षणेचे हे उदाहरण अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्याला आनंद देईल. धक्क्यावर अडकलेल्या उतारूला त्यात आनंद वाटण्याचे कारण नाही.

आता परताव्याकडे वळावयाचे. अमेरिकी कायद्यात या विषयाचे बीज एका आगीत आहे. नोव्हेंबर १९६५ मध्ये मायामीहून नासॉकडे जाणारे 'यारमथ कॅसल' हे विहारजहाज जळून ९० माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी काँग्रेसने जो कायदा केला, त्यात जहाजांच्या सुरक्षिततेबरोबर आर्थिक उत्तरदायित्वाचीही तरतूद होती : पन्नास वा अधिक उतारूंच्या शय्यांची सोय असलेले जहाज अमेरिकी बंदरातून उतारू घेणार असेल, तर चालकाने ठरलेला प्रवास न घडविल्यास भाडे परत करण्याची आपली ऐपत संघीय सागरी आयोगाला अगोदर दाखवून द्यावी. कायदा झाला, पण 'प्रवास न घडविणे' म्हणजे नेमके काय, याची व्याख्या नियमांत पाच दशके नव्हती. २०२० मध्ये शेकडो सफरी रद्द झाल्या, उतारूंना पैशाऐवजी पुढील सफरीची पतपत्रे देऊ करण्यात आली (कित्येकदा भरलेल्या रकमेच्या सव्वापट मूल्याची, म्हणजे आमिषासकट), आणि ही उणीव उघडी पडली. आयोगाने चौकशी आरंभिली, आणि २०२२ साली नियमात व्याख्या घातली. तीनुसार सफर रद्द करणे, अथवा आरोहण तीन किंवा अधिक दिवस लांबविणे व उतारूने त्या विलंबित वा पर्यायी सफरीस जाण्याचे नाकारणे, म्हणजे प्रवास न घडविणे होय. परताव्यात मूळ भाड्याबरोबर चालकाकडे भरलेली आनुषंगिक शुल्केही येतात.

व्याख्या स्वागतार्ह आहे, यात संशय नाही. परंतु तिचे कर्म काय आहे ते पाहावे. रद्द होते ती सफर. लांबते ते आरोहण. जहाज वेळेवर सुटले आणि एकच उतारू धक्क्यावर राहिला, या घटनेला त्या वाक्यात क्रियापद नाही.

युरोपीय संघाच्या २०१५ च्या सहल-निर्देशाचा मार्ग निराळा आहे. क्रूझमध्ये वाहतूक व निवास ही दोन्ही एकत्र विकली जात असल्यामुळे ती त्या निर्देशानुसार 'समुच्चित सहल' ठरते. गंतव्यस्थानी अथवा त्याच्या लगतच्या परिसरात टाळता न येणारी असाधारण परिस्थिती उद्भवली, आणि तिचा सहलीवर मोठा परिणाम होणार असला, तर प्रवाशाला शुल्क न देता करार संपविता येतो, व पैसे चौदा दिवसांच्या आत परत मिळावे लागतात. येथे 'गंतव्यस्थानी' ही सप्तमी निर्णायक आहे. बार्सिलोनात साथ आली तर ती परिस्थिती गंतव्यस्थानी आहे; प्रवाशाच्या घशात विषाणू असला तर ती परिस्थिती प्रवाशाच्या ठायी आहे. निर्देशाने आणखी एक वाट ठेवली आहे, ती म्हणजे आपली जागा दुसऱ्या व्यक्तीस देण्याची. त्यासाठी प्रारंभापूर्वी सात दिवस आधी दिलेली सूचना पुरेशी समजली जाते. परंतु ज्याची चाचणीच दोन दिवस आधी व्हावयाची, त्याला सात दिवसांची सूचना कोठून देता येणार?

याच निर्देशातील 'परतावा' या शब्दाचा अर्थ युरोपीय न्यायालयाने ८ जून २०२३ च्या निर्णयात निश्चित केला. फ्रान्सने मार्च २०२० मध्ये अध्यादेश काढून सहल-आयोजकांना रोख रकमेऐवजी पतपत्र देण्याची मुभा दिली होती, व ग्राहकसंघटनांनी तिला आव्हान दिले होते. परतावा म्हणजे पैशाच्या रूपाने केलेली परतफेड, असे न्यायालयाने सांगितले. पतपत्र हा परतावा नव्हे. हा निर्णय वाचताना मराठी शब्दव्यवहाराची आठवण होणे साहजिक आहे. मराठीत 'परत' या अव्ययाभोवती निदान तीन शब्द उभे आहेत. 'परतफेड' ऋणाची होते. तीत घेणाऱ्याने द्यावयाचे असते. 'परतावा' हा कराचा, अनामतीचा, भाड्याचा होतो, पण गुंतवणुकीवरील लाभालाही आता तोच शब्द लावला जात असल्यामुळे त्याची धार बोथट झाली आहे. 'परती' बोलीत आहे, पण तो मालाचा शब्द. दुकानदाराच्या पाटीवर शोभतो. याखेरीज 'भरपाई' आहे. तीत नुकसान गृहीत असते, म्हणजे ती केवळ दिलेले परत देण्याहून अधिक काही आहे. कंपनीच्या जाहिरातीचे मराठी भाषांतर करणारा या चारांत कोणता शब्द निवडतो, यावर वाचणाऱ्याची अपेक्षा ठरते. पतपत्राला 'परतावा-पत्र' म्हणणे ही तर उघड दिशाभूल होय.

एकाकी आजारी उतारूचा प्रश्न कायद्यांना सुचलाच नव्हता असे मात्र नाही. तो शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यांना ठाऊक होता, हीच नवलाची गोष्ट. १८९४ च्या ब्रिटिश व्यापारी नौवहन कायद्यात देशांतर करणाऱ्यांच्या जहाजांविषयी तीन कलमे लागोपाठ येतात : पहिल्यात स्वस्त वर्गाच्या उतारूंची व खलाशांची वैद्यकीय तपासणी, दुसऱ्यात आजारी व्यक्तीस पुन्हा किनाऱ्यावर उतरविणे, आणि तिसऱ्यात अशा रीतीने उतरविलेल्यास भाडे परत करणे. या क्रमातच विधिज्ञांची दृष्टी दिसून येते. ज्या राज्यसत्तेने तपासणीची सक्ती केली, तिनेच तपासणीने उत्पन्न होणाऱ्या हानीची तजवीज केली. ऑस्ट्रेलियाला वा कॅनडाला जाणारा गरीब माणूस घरदार विकून तिकीट काढी. तापामुळे त्याला उतरविले आणि पैसेही ठेवून घेतले, तर तो लिव्हरपूलच्या रस्त्यावर उपाशी मरेल, हे त्या कायद्याच्या कर्त्यांना दिसत होते.

हिंदुस्थानात हीच दृष्टी हजयात्रेच्या जहाजांपुरती आली. मक्केच्या यात्रेतून पटकीचा प्रसार होतो, या चिंतेने भरलेल्या १८९४ च्या पॅरिस परिषदेने यात्रेकरूंच्या आरोहणपूर्व तपासणीवर भर दिला. मुंबई हे त्या यात्रेचे प्रमुख बंदर होते. स्वतंत्र भारताच्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यातही यात्रेकरूंची आरोहणपूर्व वैद्यकीय तपासणी, भाड्याचा परतावा, इतकेच नव्हे तर कोणी मागावयास न आलेल्या भाड्याची विल्हेवाट, या सर्वांच्या तरतुदी होत्या. समुद्रमार्गे होणारी हजयात्रा १९९५ नंतर बंद झाली, व त्या तरतुदी निरुपयोगी बनल्या. २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. गरजू यात्रेकरू विमानाने जाऊ लागला, आणि जहाजावर हौशी उतारू आला. हौशी उतारूला कायद्याने सांभाळण्याचे कारण नाही, त्याला कराराने सांभाळावे, असा हा बदल कोणी जाहीर न करता घडून आला.

कराराने त्याला काही काळ सांभाळलेही. २०२१ व २०२२ मध्ये, जेव्हा चाचणी सर्वत्र सक्तीची होती, तेव्हा अनेक कंपन्यांनी आरोहणापूर्वी बाधित आढळलेल्या उतारूंना भाडे अथवा तेवढ्या मूल्याचे पतपत्र देण्याची सवलत ठेवली होती. ही सवलत औदार्याची नव्हती. ग्राहक परत यावेत म्हणून ती होती, आणि चाचणीची अट गेल्यावर तीही बहुतांशी गेली. आता आजारी उतारूने प्रवासविम्याकडे पाहावे अशी अपेक्षा असते. विम्याची भाषा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

चाचणी गेली तरी आरोग्याची प्रश्नावली राहिलीच आहे. ती कोविडपूर्वीही होती. गेल्या काही दिवसांत उलट्या, जुलाब, ताप झाला होता काय, एवढेच तीत मुख्यतः विचारलेले असते. या प्रश्नावलीचा खरा रोख नोरोव्हायरसकडे आहे. क्रूझवरील पोटाच्या साथींचे हे सर्वांत परिचित कारण. त्याचा अधिशयनकाल बारा ते अठ्ठेचाळीस तासांचा, आणि फार थोडे विषाणू पोटात गेले तरी लागण होते. धक्क्यावर प्रत्येकाची त्यासाठी चाचणी घेणे व्यवहार्य नाही. उत्तर देणाऱ्याच्या सत्यवचनावरच सगळी मदार असते. आता त्या उत्तर देणाऱ्याची परिस्थिती ध्यानात घ्यावी. वर्षभर साठविलेले पैसे भरले आहेत. काल रात्री एकदा उलटी झाली. 'होय' लिहिले तर वैद्याकडे पाठविले जाईल, कदाचित परतही पाठविले जाईल, आणि परताव्याचा शब्द करारात नाही. 'नाही' लिहिले तर सायंकाळी तो जेवणघरात बसलेला असेल. प्रश्नावलीतील प्रश्न व्याकरणदृष्ट्या प्रश्नार्थक आहे, पण व्यवहारात तो दंडाची सूचना आहे. आणि ज्या प्रश्नाच्या खऱ्या उत्तराला दंड असतो, त्याला खरी उत्तरे येत नाहीत. १८९४ च्या कायद्याने आजारी उतारूला पैसे परत देऊन जी दया दाखविली असे वाटते, ती हिशेबानेही शहाणपणाची होती : परत जाणाऱ्याला जर काही गमवावे लागत नसेल, तर तो लपवीत नाही, आणि जहाजावरील शेकडो माणसे वाचतात. आजचा करार हा खर्च एका माणसावर टाकून वाचविलेला दिसतो. तो पुढे साथीच्या रूपाने सर्वांकडून वसूल होतो.

याच शिडीवरून दुसरेही एक मनुष्य चढत असते. 'डायमंड प्रिन्सेस'वरील १३८ भारतीयांत १३२ कर्मचारी होते. आणि गोव्यातील 'तारवटी' कुटुंबांना अशा जहाजांवरची चाकरी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कर्मचाऱ्याचीही आरोहणपूर्व वैद्यकीय परीक्षा होते; तिचा दाखला जास्तीत जास्त दोन वर्षे चालतो. परंतु २००६ चा सागरी श्रम करार, जो २०१३ पासून जगात अमलात आहे व ज्यास भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली, त्याच्या आजारपणाविषयी मौन बाळगीत नाही. नोकरीत असताना आजारी पडल्यास उपचार जहाजमालकाने करावयाचे, त्याला मायदेशी पोचवावयाचे, आणि वेतन चालू ठेवण्याची मुदत राष्ट्रीय कायद्याने मर्यादित केलीच, तर ती सोळा आठवड्यांहून कमी असता कामा नये. या करारातील वाक्यांत कर्ता लपलेला नाही : जहाजमालकाने करावे, जहाजमालकाने द्यावे. विध्यर्थी रूप आहे आणि तृतीयेतील कर्ता समोर आहे.

उतारूच्या करारात हीच वाक्यरचना आणणे भाषेच्या दृष्टीने मुळीच अवघड नाही. 'आरोहण नाकारले जाईल' याऐवजी 'कंपनी उतारूला चढू देणार नाही, आणि तसे केल्यास त्याने भरलेले भाडे अमुक दिवसांत रोख परत देईल' असे लिहिता येते. दुसरा अर्धा भाग पहिल्याच्या ओघाने येतो. कारण एकदा 'कंपनी' हा शब्द कर्त्याच्या जागी बसला, की 'मग कंपनी काय करील?' हे वाचणारा विचारतोच. मुंबईहून निघणाऱ्या सफरींचे करार मराठीत उतरविण्याची वेळ कधी आली, तर भाषांतरकाराला याच वाक्याशी पहिल्यांदा थांबावे लागेल. 'उतारू' हा शब्द मात्र त्याने खुशाल ठेवावा. उत् आणि तृ यांपासून, म्हणजे पाणी तरून पैलतीरी जाण्याच्या क्रियेपासून, तो आला आहे. कोकणच्या बोटींनी तो रुजविला, आणि 'प्रवासी' किंवा 'अतिथी' यांच्याहून तो जुना व जहाजाच्या अधिक जवळचा आहे.